बरणीची किंमत विचारण्याआधी तिचं तोंड बघा

बेळगावात कॅम्पातल्या जुन्या सामानात किंवा निपाणी-खानापूरकडच्या माळ्यावर 'मेसन' बरणी (लोणची-मुरंबे टिकवायची, फिरकीच्या झाकणाची जुनी अमेरिकन काचेची बरणी) सापडली, तर तिच्या काचेवरच्या 1858 ला भुलू नका. ती पेटंटची तारीख. पुढं कितीतरी दशकं तीच अक्षरं साच्यात राहिली.

आधी झाकण काढून काठावर बोट फिरवा. काठ सपाट घासलेला, खरखरीत लागला तर बरणी हातानं फुंकलेली. अशा काठावरचे बारीक टवके घासतानाचेच असतात, त्यानं भाव फारसा पडत नाही. काठ गुळगुळीत गोल असेल आणि साच्याची शिवण वरपर्यंत गेली असेल तर ती यंत्रावरची, नंतरची. तिथं मात्र टवका म्हणजे नुकसानच.

मग रंग. फिकट निळसर-हिरवा सर्रास मिळतो. गडद निळा किंवा तपकिरी दुर्मिळ. पण गडद रंगाच्या नकला भरपूर निघाल्यात, म्हणून अक्षरं बोथट, काच नवी कोरी दिसली की हात आखडता घ्या.

धुताना कोमट पाणीच. थंड बरणीत कढत पाणी ओतलं की तळ सुटून हातात येऊ शकतो. धुवूनही पांढुरकी झाक राहिली तर काचच खराब झालीय, भाव उतरणार. जस्ताचं जुनं झाकण घासून चकचकीत करू नका.

आणि भाव बघायचा तो विकल्या गेलेल्या बरण्यांचा. विकणारा काय, काहीही मागतो.