‘सॅक्रिफाइस’ म्हटलं तरी रात्री झोप येत नाही

“मॅडम, मला आता काही वाटेनासंच झालंय. मी निर्दयी झालेय का?”

प्रयोगशाळेत प्राण्यांवर काम करणारे जे माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात, ते या ना त्या शब्दांत हेच विचारतात. हिला आपण मृणाल म्हणू. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. पीएचडीचं तिसरं वर्ष, विषय कर्करोगाच्या गाठी, काम उंदरांवर. दिवसा काही वाटायचं नाही, पण रात्री अडीचला डोळे टक्क उघडे.

पहिल्या भेटीत मी चुकले. “तुमच्या कामातून उद्या कुणाचा तरी जीव वाचेल,” असं म्हणून गेले. तिनं मान डोलावली आणि उरलेल्या वेळात हो-नाहीपलीकडे बोलली नाही. गाईड, सीनियर, घरचे, सगळे तिला हेच ऐकवत होते, हे मला नंतर कळलं.

दुसऱ्या भेटीत मी नुसती तिचे शब्द ऐकत बसले. ‘मारणं’ हा शब्द ती वापरतच नव्हती. ‘सॅक्रिफाइस केले’, ‘बॅच संपवली’. अ‍ॅनिमल हाऊसमध्ये सगळेच असं बोलतात आणि त्यात लबाडी नसते. जे रोज करायचं त्याला सोसवेल असं नाव लागतं. मी विचारलं, “सगळ्याच उंदरांचं वाईट वाटतं, की एखाद्याचं?”

बराच वेळ गेला. मग म्हणाली, “एकाचं.”

त्या उंदराचं वजन शुक्रवारीच 20 टक्क्यांहून जास्त घटलं होतं. इतकं घटलं की त्याला आणखी त्रास होऊ न देता वेदनारहित मरण द्यायचं, असं मंजूर प्रोटोकॉलमध्ये स्पष्ट लिहिलेलं होतं. ‘ह्युमेन एंडपॉइंट’ म्हणतात तो हाच. पण सोमवारचं एक मोजमाप हवं होतं. थांब, असं वरून सांगण्यात आलं. शनिवारी ती मुद्दाम बघायला गेली. पाठ कमानीसारखी, डोळे बारीक केलेले, कान मागे. “सोमवारी तो मेलेला होता. मी त्याला तसाच मरू दिला, मॅडम.”

अपराधीपणा पुसायला जाऊ नये, तो नेमका कुठे टोचतोय ते शोधावं, असं माझं मत या कामात पक्कं झालंय. मृणालला संशोधन टोचत नव्हतं. टोचत होते ते तीन दिवस. रसेल आणि बर्च या शास्त्रज्ञांनी 1959 मध्ये मांडलेली तीन तत्त्वं तिला तोंडपाठ होती: शक्य तिथे प्राण्यांना पर्याय वापरा, लागतील तितकेच प्राणी घ्या, त्यांच्या यातना कमीत कमी ठेवा. एथिक्स कमिटीचा फॉर्म भरताना तिनंच ती लिहिली होती. पहिली दोन बरीचशी अर्ज करतानाच ठरून जातात. तिसरं मात्र रोज सकाळी पिंजरा उघडणाऱ्याच्या हातात असतं.

मी विचारलं, “पशुवैद्यांना सांगितलंत?” तो अधिकार आपल्याला आहे, हेच तिच्या डोक्यात आलं नव्हतं. कमिटीची परवानगी म्हणजे एकदाचा शिक्का, असं बऱ्याच विद्यार्थ्यांना वाटतं. ती घाबरत गेली. गाईड आठवडाभर तुटक वागले. पण शनिवार-रविवारी कोण बघणार याचा तक्ता लागला, आणि वजन ठरलेल्या मर्यादेखाली गेलं की पशुवैद्यांना थेट कळवायचं ठरलं.

सगळ्यांचं असं होत नाही. काहींना मूळ कामच मनाला पटत नाही. त्यांनी पेशी-संवर्धनाकडे, म्हणजे प्राण्यांऐवजी प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवरच्या कामाकडे वळावं, यात हार कसली? मृणालला मात्र राहायचं होतं.

मग तिनं स्वतःहून आणखी एक गोष्ट बदलली. शेपटीला धरून उचललेले उंदीर जास्त भेदरलेले राहतात आणि नळीतून किंवा ओंजळीत उचललेले कमी, असं हर्स्ट आणि वेस्ट यांनी 2010 मध्ये दाखवलं आहे. तिनं पिंजऱ्यात प्लास्टिकच्या नळ्या ठेवल्या.

परवा आली तेव्हा झोपेचं विचारलं. बरी आहे म्हणाली, बॅचच्या आदली रात्र सोडून. “आता ते आपणहून नळीत येतात ना. त्यामुळे शेवटच्या दिवशी जास्त जड जातं.”

यावर मी काही बोलले नाही. पुढची भेट तिच्या बॅचच्या दुसऱ्या दिवशी ठेवली.