थर्मोस्टॅट काढून टाकावा का? आणि इतर प्रश्न

मागच्या वेळी कूलंटवर (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या मिश्रणावर) लिहिल्यानंतर आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त थर्मोस्टॅटबद्दल होती. त्यातले निवडक प्रश्न इथे घेतो.

प्रश्न : चढावर गाडी गरम होते. मेकॅनिक म्हणतो, "थर्मोस्टॅट काढूनच टाका, कटकटच नको." काढू का?

नका काढू. हा सल्ला इतका जुना आणि इतका लोकप्रिय आहे, की तो चुकीचा आहे हे पटवताना माझाही घसा बसतो.

आधी हा भाग काय करतो ते बघा. पितळेच्या छोट्या डबीत मेण भरलेलं असतं. इंजिनातलं पाणी तापलं की मेण वितळून फुगतं, दांड्याला ढकलतं आणि रेडिएटरकडे जाणारी झडप काही मिलिमीटर उघडते. पाणी निवलं की मेण आकसतं आणि स्प्रिंग झडप पुन्हा मिटवते. साध्या प्रकारात वीज नाही, सेन्सर नाही. म्हणजे थर्मोस्टॅट इंजिन थंड करत नाही. तो इंजिनाला लवकर तापू देतो आणि ठरलेल्या तापमानाच्या खाली जाऊ देत नाही. थंड करणं हे रेडिएटर, फॅन आणि वॉटर पंपाचं काम.

तो काढला की इंजिन तापायला फार वेळ घेतं. तोवर इसीयू (इंजिनाचा संगणक) त्याला थंड समजून जादा इंधन देत राहतो. ॲव्हरेज घटतो, ऑइलमध्ये इंधन आणि ओलावा मिसळतो, ऑइलच्या झाकणाच्या आत पिवळसर मलईसारखा थर दिसू लागतो. शिवाय बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅटला खाली दुसरी तबकडी असते. मुख्य झडप उघडते तेव्हा ती बायपासची वाट बंद करते. थर्मोस्टॅटच नसेल तर ती वाट कायम उघडी राहते आणि बरंच पाणी रेडिएटरकडे न जाता इंजिनातच गोल फिरतं. मग चढावर गाडी पूर्वीपेक्षा जास्त तापते, आणि दोष पुन्हा दुसऱ्याच कुणावर येतो.

चढावर वेग कमी आणि भार जास्त, त्यामुळे थंड करणाऱ्या भागांतली कसर तिथेच उघडी पडते. रेडिएटर आणि एसी कंडेन्सरच्या मधली फट टॉर्च लावून बघा, तिथे धूळ आणि किडे गोधडीसारखे साचलेले असतात. फॅन दोन्ही वेगांवर चालतो का पाहा. रेडिएटरची कॅपही तपासून घ्या. ती साधारण १ बार दाब धरते, म्हणून पाणी १०० अंशांवर गेलं तरी उकळत नाही. तिचं रबर कडक झालं की हा आधार जातो.

प्रश्न : तापमानाचा काटा मधोमध यायला वीस मिनिटं लागतात आणि हायवेला लागलो की पुन्हा खाली उतरतो. गाडी गरम होत नाही, मग दुर्लक्ष केलं तर चालेल?

हायवेला काटा उतरणं ही उघड्या अडकलेल्या थर्मोस्टॅटची जवळजवळ सहीच. समोरून वारा जोरात लागतो आणि झडप मिटत नाही, म्हणून इंजिन निवतं. स्कॅनरवर पी०१२८ (इंजिन पुरेसं तापत नाही) हा कोड आला असेल तर संशय आणखी पक्का.

हाताने खात्री करता येते. सकाळी थंड इंजिन सुरू करा आणि रेडिएटरकडे जाणाऱ्या वरच्या होज पाइपला अधूनमधून हात लावा. फॅन कधीही आपोआप सुरू होतो, तेव्हा बोटं आणि सैल बाही दूर. चांगल्या थर्मोस्टॅटवर पाइप बराच वेळ गार राहतो आणि मग थोड्याच वेळात एकदम चटका देतो. पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत गेला तर झडप उघडीच आहे. काही इंजिनांत थर्मोस्टॅट खालच्या पाइपाकडे असतो, तिथे ही परीक्षा खालच्या पाइपावर करावी लागते. दुर्लक्ष केल्यास गाडी रस्त्यात बंद पडणार नाही, पण इंधन आणि ऑइल दोन्हींचं नुकसान रोज होत राहील.

प्रश्न : कंपनीचा ८८ अंशांचा आहे. त्याऐवजी ७६चा लावला तर इंजिन थंड राहील ना?

ज्या दिवशी काहीच बिघाड नाही त्या दिवशी राहील. ज्या दिवशी गरज आहे त्या दिवशी नाही. त्यावर कोरलेला आकडा झडप उघडायला सुरुवात होते तो, पूर्ण उघडायला आणखी दहा-पंधरा अंश लागतात. एकदा ती पूर्ण उघडली की तिचं काम संपलं. रेडिएटरला उष्णता बाहेर टाकता येत नसेल तर ७६वाला आणि ८८वाला दोघेही लाल रेषेवर पोचतात, ७६वाला थोडा उशिरा इतकंच.

नव्या गाड्यांत १०० अंशांच्या वरचा आकडाही दिसेल. दचकू नका. त्यात मेणाला तापवणारी छोटी विजेची तार असते आणि भार वाढला की इसीयू झडप लवकर उघडून घेतो. मॅन्युअलमध्ये लिहिलेला आकडाच घ्या. मला तरी रोजच्या वापराच्या गाडीत तो बदलण्याचं एकही कारण सापडलेलं नाही.

प्रश्न : काढलेला थर्मोस्टॅट घरी तपासता येतो का?

येतो, आणि मजा येते. झडप बोटांनी किंचित उघडून तिच्या फटीत शिवणाचा दोरा अडकवा आणि त्या दोऱ्यावरच थर्मोस्टॅट पाण्यात लोंबकळत ठेवा, तळाला टेकू देऊ नका. शेजारी थर्मामीटर. पाणी हळूहळू तापवा. झडप उघडली की दोरा सुटतो आणि थर्मोस्टॅट टुपकन खाली पडतो, तेव्हाचा आकडा वाचा. दोन-तीन अंशांचा फरक चालतो. भांडं मात्र पुन्हा स्वयंपाकात आणू नका. कूलंटमधलं ग्लायकॉल विषारी असतं, आणि कुत्री-मांजरं सांडलेलं चाटतात.

प्रश्न : स्वतः बदलतोय. काय चुकू शकतं?

इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय कॅपला हात लावू नका, हे पहिलं. स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे. उलटा बसवला तर गार पाणी मेणाला लागत राहतं आणि झडप वेळेवर उघडत नाही. कडेला हलणारी बारीक पिन असेल तर ती वरच्या टोकाला ठेवा, अडकलेली हवा तिथूनच निसटते. गॅस्केट (सांध्यातली सील) नवंच घाला आणि रबरी रिंग असेल तर तिच्यावर सिलिकॉन थापू नका. बोल्ट बारीक आणि हाऊसिंग ॲल्युमिनियमचं किंवा प्लॅस्टिकचं, म्हणून आलटून-पालटून आणि मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कनेच (तेवढ्याच जोराने) कसा.

खरी परीक्षा हवा काढण्याची. माझ्या पहिल्या कामात मी हे उरकलं. काटा चढला, हीटरमधून मात्र गार वारा. नवा भागच खराब निघाला म्हणून शिव्या घातल्या, सगळं पुन्हा उघडलं, आणि भाग ठणठणीत होता. हवेचा बुडबुडा अडकला होता. तेव्हापासून हीटर पूर्ण गरमवर ठेवतो, हवा काढायचा ब्लीड स्क्रू असेल तर त्यातून सलग धार येईपर्यंत थांबतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी पुन्हा बघतो. ती हमखास थोडी उतरलेली असते.

प्रश्न : वॉटर पंप बदलतोय, थर्मोस्टॅटही बदलू?

हो. कूलंट तसंही काढावं लागणार आहे.

प्रश्न : थर्मोस्टॅट, कॅप, पंप सगळं नवं, तरी गाडी तापते आणि कूलंटच्या टाकीत बुडबुडे येतात.

हवा नीट काढूनही बुडबुडे थांबत नसतील तर संशय हेड गॅस्केटवर (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधली सील): सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतोय. सोबत कूलंट गळती न दिसता कमी होत असेल किंवा तापलेल्या इंजिनातूनही गोडसर वासाचा पांढरा धूर येत असेल, तर गाडी चालवणं आजच थांबवा. टाकीवरच्या हवेत एग्झॉस्टचा गॅस आहे का हे रंग बदलणाऱ्या द्रावणाने काही मिनिटांत कळतं. ती चाचणी करून घ्या, आणि तोवर एकही नवा भाग विकत घेऊ नका.