आधी मधली सुट्टी बघा, मग शाळा ठरवा

प्रश्न : मॅडम, नमस्कार. आमचा मुलगा साडेसात वर्षांचा आहे, दुसरीत. गावातल्याच इंग्रजी शाळेत जातो. मिरजेच्या डॉक्टरांनी सौम्य स्वमग्नता (ऑटिझम) सांगितली आहे. बुद्ध्यांक 72 आलाय. बोलतो, पण तुटक. घंटा झाली की कानांवर हात ठेवतो, बाकावर टिकत नाही. एसटीच्या पाट्या मात्र सगळ्या तोंडपाठ. शाळेने आता सांगितलंय की तुमच्या खर्चाने शॅडो टीचर, म्हणजे वर्गात फक्त त्याच्याजवळ बसणारी मदतनीस ठेवा, नाहीतर रोज अकराला घरी न्या. जूनपासून ‘स्पेशल’ शाळा बघा. मिस्टर म्हणतात, प्लॉट विकू, पुण्याला जाऊ, चांगल्यातल्या चांगल्या शाळेत घालू. सासरे म्हणतात, आमच्या घरात सगळेच उशिरा बोलले, काही होत नाही. त्याच्यासाठी योग्य शाळा कोणती? आणि पुढे तो काय करेल?
– एक आई, वाळवा तालुका

उत्तर : ताई, नमस्कार.

करिअरचा सल्ला देणाऱ्या बाईला दुसरीतल्या मुलाचं पत्र कशाला, असं लिहिताना तुम्हालाही वाटलं असेल. उलट लवकर लिहिलंत. अशी मुलं माझ्यासमोर येऊन बसतात ती अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी, आणि तेव्हा पालक जे विचारतात त्यातलं निम्मं दुसरी-तिसरीतच ठरून गेलेलं असतं.

दोन मुलं सांगते. एक दहावी पास, टक्केही बरे. आई फाइल घेऊन आली होती. मी त्याला म्हटलं, खाली टपरी आहे, तिघांना चहा सांगून येतोस? तो आईकडे बघायला लागला. एकोणीस वर्षांचा मुलगा. एकट्याने जिना उतरून रस्ता ओलांडायची वेळच त्याच्यावर कधी आणली नव्हती. सगळी वर्षं परीक्षेत गेली. दुसरा विशेष शाळेतून आलेला, दहावी नाही. बेकरीत पाकिटं भरायचं काम करतो. माझ्याकडे एकटा बसने आला आणि मी दहा मिनिटं उशिरा पोचले म्हणून माझ्यावर चिडला. यावरून विशेष शाळा चांगली आणि साधी वाईट असं काढू नका, याच्या उलटी जोडीही माझ्याकडे आहे. सांगायचं एवढंच की मी शाळेकडे अठराव्या वर्षाकडून मागे बघते. त्या वयात उपयोगी पडतं ते हे: आपलं आपण आवरणं, अडलं तर कोणाला तरी विचारणं, सुटे पैसे मोजून घेणं, एका कामावर तासभर टिकणं. यातलं काय त्याला पुढच्या दोन वर्षांत, कोणाच्या हाताखाली शिकता येईल, हे शोधा. जन्मभराची शाळा शोधायला निघालात तर सापडणार नाही. दोन वर्षांची शोधा.

आता शाळेच्या निरोपाचं. त्यांनी हे लेखी दिलंय का? दिलं नसणार, कारण देता येत नाही. शिक्षण हक्क कायद्यानुसार आठवीपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही, आणि ‘शाळा’ म्हणजे यात विनाअनुदानित खाजगी शाळाही आली. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा तर मान्यताप्राप्त शाळांना सांगतो की भेदभाव न करता प्रवेश द्या आणि मुलाच्या गरजेप्रमाणे सोयी करा. स्वमग्नता त्या कायद्यातल्या 21 प्रकारांपैकी एक आहे. मुख्याध्यापकांना साधं पत्र द्या: अकराला घरी न्यायला सांगितलंय ते कोणत्या नियमाने, कळवावं. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. उत्तर आलं नाही तर पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जा, त्याही पुढे पुण्यात दिव्यांग कल्याण आयुक्तालय आहे. बहुतेक वेळा पोच मागितली की सूर बदलतो.

पण सूर बदलला तरी तिथेच ठेवायचं का? ज्या वर्गातल्या बाई साडेदहापासून घड्याळ बघतात, तिथे भांडून जागा मिळवली तर मुलगा बसेल, शिकेल का ते सांगता येत नाही. मी असते तर पत्र दिलं असतं, वर्ष पूर्ण करून घेतलं असतं, आणि तेवढ्या वेळात दुसरीकडे बघितलं असतं.

शॅडो टीचरबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. शहरात ही आता फॅशनच झाली आहे. चांगली असेल तर पहिले काही महिने ती मुलाला वर्गाची सवय लावते आणि हळूहळू मागच्या बाकाकडे सरकते. वाईट असेल तर मुलगा आणि वर्ग यांच्यामध्ये भिंत होऊन बसते. वर्गाच्या बाईंनाही बरं, बघायला दुसरं कोणी आहे. ठेवायचीच वेळ आली तर पहिल्याच दिवशी विचारा, तुम्ही बाजूला कधी आणि कशा होणार? याला उत्तर नसेल तर पैसे वाचवा.

तो 72 चा आकडा. चाचणी कोणत्या भाषेत घेतली? तुमच्या पत्राची मराठी वाचून वाटतं, घरात सगळं मराठीच आहे. शाळा इंग्रजी म्हणून प्रश्न इंग्रजीत विचारले असतील, तर त्या आकड्यात इंग्रजी किती आणि मुलगा किती, हे कोणी सांगायचं? आपल्याकडे सर्रास वापरली जाणारी बिने-कामत चाचणी मुळात कन्नड आणि मराठीतच बसवलेली आहे, म्हणजे मराठीत घेणं काही अवघड नाही. शिवाय अनोळखी खोलीत, अनोळखी माणसासमोर, स्वमग्न मूल त्या दिवशी जेवढं देतं तेवढंच कागदावर येतं. दोनेक वर्षांनी पुन्हा करा. तोवर त्या आकड्यावरून त्याची लायकी ठरवू नका, आणि सासऱ्यांनाही तो सांगू नका. त्यांना वेगळं काम द्या, पुढे सांगते.

आता ज्याचा तुम्ही पत्रात उल्लेखच केला नाही, ती शाळा. तुमच्या गावची जिल्हा परिषदेची. हसू नका. पट कमी असेल तर वर्गात पंधरा-वीस मुलं, बऱ्याचदा एकच गुरुजी किंवा बाई सलग दोन-तीन वर्षं, भाषा घरचीच, अंतर चालत जाण्याएवढं, आणि संध्याकाळी गल्लीत भेटणारी मुलंच वर्गात. तुटक बोलणाऱ्या मुलाला एका वेळी दोन भाषांशी झगडायला लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. इंग्रजी नंतरही शिकता येईल. समग्र शिक्षा योजनेतून तालुक्याच्या गट साधन केंद्रात विशेष शिक्षक असतात, ते शाळांना भेटी देतात. यातली उणी बाजूही सांगते: एका शिक्षकाकडे इतक्या शाळा असतात की तुमच्या वाट्याला त्यांचा थोडाच वेळ येईल. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये प्राथमिकला अशा 10 मुलांमागे आणि त्यापुढच्या वर्गांना 15 मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा असं म्हटलं. गावातलं चित्र त्यापासून फार लांब आहे. त्यामुळे सगळं वर्गशिक्षकावर येतं. तो माणूस बघून या. इमारत, टाइल्स, स्मार्ट बोर्ड नंतर.

कसं बघायचं? प्रवेशाच्या चौकशीला जाऊ नका. मधल्या सुट्टीत जा आणि बाजूला उभ्या राहा. हळू जेवणारं, एकटं बसणारं एखादं मूल प्रत्येक शाळेत असतं. त्याच्याजवळ कोणी जातं का? खिचडी सांडली तर बाई काय बोलतात? मुतारीला दार आहे का, आणि तिथे जायला मुलं घाबरतात का? घंटा केवढ्यांदा वाजते? तुमच्या मुलासाठी हा अभ्यासक्रमाइतकाच महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि घंटेच्या आधी दोन मिनिटं त्याला बाहेर येऊ देणं हा फुकटातला उपाय. मग मुख्याध्यापकांना विचारा: असं मूल याआधी तुमच्याकडे होतं का, आणि ते आता कुठे आहे? पहिल्याचं उत्तर सगळेच देतात. दुसऱ्याचं देता आलं, तर समजा की त्या मुलाकडे कोणाचं तरी लक्ष होतं.

विशेष शाळाही बघाच. माझा तिला विरोध नाही. ‘मुलगा बिघडेल’ म्हणून तिच्या दारातही न जाणाऱ्या पालकांचं मला नवल वाटतं. नाशिकची प्रबोधिनी विद्यामंदिर 1977 मध्ये सुरू झाली ती रजनी लिमये यांच्यामुळे. त्या स्वतः बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाची आई होत्या आणि पेशाने शिक्षिका. चांगली विशेष शाळा अशीच, घरातल्या गरजेतून उभी राहिलेली असते. मात्र शिक्षकांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे ना ते बघा, आणि प्रत्येक मुलाचा वेगळा लेखी आराखडा असतो, तो दाखवायला सांगा; एका मुलाचा झाकून दाखवला तरी चालेल. सगळ्यांच्या आराखड्यात एकच मजकूर असेल तर निघून या. ‘वर्षभरात बरा करून देतो’ म्हणणाऱ्याकडे तर चहाही घेऊ नका.

आणि पुणे. प्लॉट विकू नका. निदान आत्ता नको. पुण्यात कामायनी, प्रसन्न ऑटिझम सेंटर, मुंबईत उमीद अशा या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्था आहेत, त्यांचा उपयोग वेगळ्या तऱ्हेने करा. एकदा जाऊन नीट तपासणी करून घ्या, घरी काय करायचं ते लिहून आणा, चार-सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा. घर हलवलं तर आजोबा सुटतील, गल्ली सुटेल, मिस्टरांचं कामही, आणि हातात राहील भाड्याचा फ्लॅट आणि रोज दीड तासाचं ट्रॅफिक. स्वमग्न मुलाला बरेचदा खुर्चीची जागा बदललेलीही खपत नाही, त्याचं अख्खं गाव बदलायचं म्हणजे कारण तेवढं मोठं हवं.

कागदपत्रांचं आधी उरकून घ्या. जिल्हा रुग्णालयातून दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र. ‘शिक्का बसेल’ म्हणून बरेच जण टाळतात आणि दहावीच्या जानेवारीत धावाधाव करतात. प्रमाणपत्रावर दिव्यांगत्व 40 टक्के किंवा त्याहून जास्त आलं तर 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, निवड तुमची. स्वमग्न मुलांसाठी निरामय आरोग्य विम्यात वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण मिळतं, त्यात थेरपीचाही खर्च धरतात. जिल्हा रुग्णालयातच शीघ्र हस्तक्षेप केंद्राची, म्हणजे मुलांच्या वाढीतल्या अडचणी तपासून उपचार करणाऱ्या विभागाची चौकशी करा.

पुढे काय करेल, हे मला माहीत नाही आणि आज कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. वाटा मात्र आहेत. राज्य मंडळात जादा वेळ, लेखनिक, विषयांत सवलत मिळते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयात पाच विषय घेऊन पाच वर्षांत नऊ संधींमध्ये दहावी करता येते, गणित घेतलंच पाहिजे असं नाही. पुढे सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान 5 टक्के जागा दिव्यांगांसाठी राखीव असतात. सरकारी नोकरीत दिव्यांगांना 4 टक्के आरक्षण आहे आणि त्यातल्या एका टक्क्यात स्वमग्नता धरलेली आहे. हे सगळं दहा वर्षांनी बोलू.

पाट्या तोंडपाठ आहेत म्हणून तो एसटीत कंट्रोलर होईल, असं मी म्हणणार नाही. पण शिकवायला याहून चांगलं पुस्तक नाही. इथे आजोबा कामाला लावा. रोज संध्याकाळी स्टँडवर अर्धा तास. पाटी वाचायची, गाडी किती वाजता सुटते ते वहीत लिहायचं, किती मिनिटं राहिली ते सांगायचं, आणि एक दिवस चौकशीच्या खिडकीवर जाऊन त्याने स्वतः विचारायचं, ‘कराडची गाडी कधी?’ आजोबांनी दोन पावलं मागे थांबायचं. यात वाचन आलं, वेळ आली, वजाबाकी आली आणि अनोळखी माणसाशी बोलणंही. ‘काही होत नाही’ म्हणणारा माणूस अशा मुलाला फार उपयोगी असतो, फक्त त्याला मुलासोबत बाहेर काढावं लागतं.

तपासणीला पुण्याला जाल तेव्हा गाडी करू नका, एसटीने जा. तिकीट त्याला काढू द्या. आणि जूनच्या आधी दोन-तीन शाळांची मधली सुट्टी बघून झाली की मला लिहा.