‘अगदी जुळतंय’ वाटलं की थांब

प्रिय मित्रा,

सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. व्यक्तिमत्त्वाचे सिद्धान्त अभ्यासताना फ्रॉइड वाचला तेव्हा फ्रॉइड पटला, रॉजर्स वाचला तेव्हा रॉजर्स पटला आणि पाच घटकांच्या प्रतिमानापर्यंत आल्यावर आधीचं सगळं जुनाट वाटायला लागलं, असं लिहिलं आहेस. आणि शेवटी विचारलं आहेस, ‘यातलं बरोबर कोणाचं?’ परीक्षेपुरतं हवं असतं तर चार ओळींत कळवलं असतं. पण तू पुढे माणसं तपासणार, त्यांच्याबद्दल अहवाल लिहिणार आणि त्या अहवालांवरून कोणाची नोकरी, कोणाचे उपचार, कोणाच्या मुलांचा ताबा ठरणार. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

प्रत्येक सिद्धान्त तुला वाचताक्षणी पटत गेला, याचीच मला काळजी वाटते. व्यक्तिमत्त्वाबद्दलचं बहुतेक लिखाण पटतंच. ते माणसाबद्दल असतं आणि वाचणाराही माणूसच असतो. बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने १९४८ साली आपल्या वर्गातल्या ३९ विद्यार्थ्यांची एक चाचणी घेतली. आठवड्याभराने प्रत्येकाला त्याचं नाव घातलेलं व्यक्तिमत्त्ववर्णन दिलं आणि ते आपल्याला किती लागू पडतं याला शून्य ते पाचपैकी गुण द्यायला सांगितलं. सरासरी आली ४.२६. मग त्याने उघड केलं, की सगळ्यांच्या हातात एकच वर्णन आहे, आणि त्यातला बराचसा मजकूर रस्त्यावर मिळणाऱ्या भविष्याच्या पुस्तकातून घेतलेला आहे. कधी तुम्ही माणसांत रमता तर कधी स्वतःत मिटून राहता. लोकांनी आपल्याला चांगलं म्हणावं अशी तुमची फार इच्छा असते. अशा धर्तीची ती वाक्यं होती.

या वर्णनात खोटं काहीच नव्हतं. ते सगळ्यांना लागू होतं, म्हणूनच कोणा एकाबद्दल काहीच सांगत नव्हतं. सिद्धान्त असो की चाचणीचा निष्कर्ष, माझी पहिली कसोटी ही आहे: हे वाक्य कोणत्या माणसाबाबत चुकीचं ठरू शकेल? असा माणूस कल्पनेतही सापडत नसेल, तर ते वाक्य कितीही सुंदर असलं तरी अहवालात घेऊ नये.

सिद्धान्तांना हीच कसोटी कार्ल पॉपर या तत्त्वज्ञाने लावली. त्याचं उदाहरण असं. एक माणूस मुलाला बुडवायच्या हेतूने पाण्यात ढकलतो. दुसरा त्याच मुलाला वाचवताना स्वतःचा जीव देतो. फ्रॉइडच्या चौकटीतून पाहिलं तर पहिल्याच्या वागण्यामागे दमन (नकोशी इच्छा मनात दाबून टाकणं) आहे आणि दुसऱ्याने उदात्तीकरण (तीच ऊर्जा चांगल्या कामाकडे वळवणं) साधलं आहे. मानसशास्त्रज्ञ ॲडलरच्या चौकटीतून पाहिलं तर दोघांनाही न्यूनगंड आहे: एकाला गुन्हा करण्याची धमक स्वतःला सिद्ध करून दाखवायची होती, दुसऱ्याला वाचवण्याची. दोन टोकांची कृत्यं, आणि दोन्ही सिद्धान्तांना दोन्ही कृत्यं सहज समजावता येतात. ऐकताना वाटतं, काय ताकद आहे या सिद्धान्ताची! प्रत्यक्षात हीच त्याची कमजोरी. काय घडणार नाही हे जो सिद्धान्त सांगत नाही, त्याला घडलेल्या गोष्टीचं श्रेय कसं द्यायचं?

म्हणून फ्रॉइड मोडीत काढ, असं मी म्हणत नाही. सिद्धान्त अख्खा स्वीकारायचा किंवा अख्खा फेकायचा, ही सवय आधी सोड. त्यातले दावे सुटे कर आणि एकेक तपास. आपल्या मनातलं बरंचसं काम आपल्या नकळत चालतं, हा दावा प्रयोगशाळेत टिकला आहे, जरी तिथे सापडलेलं ‘नकळत’ फ्रॉइडच्या अबोध मनापेक्षा पुष्कळच साधं असलं तरी. बालपणीच्या मनोलैंगिक अवस्थांमधून प्रौढ स्वभाव घडतो, या दाव्याला तसा आधार मिळालेला नाही. शिवाय फ्रॉइडचा पुरावा म्हणजे मोजक्या रुग्णांच्या कहाण्या, आणि त्याही त्याने स्वतःच ऐकलेल्या आणि स्वतःच मांडलेल्या.

रॉजर्सबद्दल थोडक्यात. ‘स्व’ (आपण कसे आहोत) आणि ‘आदर्श स्व’ (आपण कसे असावं) यांतलं अंतर ही त्याची कल्पना तुला मऊ वाटली असेल, पण १९४० च्या दशकातच त्याने उपचारांच्या बैठका ध्वनिमुद्रित करून इतरांना तपासायला खुल्या केल्या आणि पुढे ते अंतर मोजण्याचीही सोय केली. आपला दावा दुसऱ्यांच्या तपासणीसाठी टेबलावर ठेवणारा माणूस म्हणून मला त्याच्याबद्दल फार आदर आहे. मानव मुळात चांगलाच असतो, हे त्याचं गृहीतक मात्र तपासता येत नाही. ती श्रद्धा आहे. ती श्रद्धा म्हणून ठेव.

आता गुणविशेषांचा, म्हणजे स्वभावातल्या टिकाऊ आणि मोजता येणाऱ्या गुणांचा सिद्धान्त; पाच घटकांचं प्रतिमान त्यातलंच. तू त्याच्या प्रेमात पडला आहेस, म्हणून इथे जास्त वेळ घेते. ऑलपोर्ट आणि ओडबर्ट यांनी १९३६ साली इंग्रजी शब्दकोश चाळून माणसामाणसांतला फरक सांगणारे सुमारे १८,००० शब्द वेगळे काढले. कॅटेलने घटक विश्लेषणाने (एकत्र बदलणाऱ्या गोष्टींचे गट पाडणाऱ्या गणिती पद्धतीने) त्या पसाऱ्याचे सोळा घटक केले. १९६१ मध्ये ट्युप्स आणि क्रिस्टल यांना अमेरिकन हवाई दलाच्या कामात पुन्हा पुन्हा पाचच घटक सापडत गेले. पुढे इतर संशोधकांनाही ते सापडले, आणि कोस्टा आणि मॅक्रे यांनी त्यांवर शोधिका, म्हणजे प्रश्नावली, बेतली. बहिर्मुखता, भावनिक अस्थिरता, खुलेपणा, सहमतिशीलता, कर्तव्यदक्षता.

या प्रतिमानाची बाजू भक्कम आहे ती त्याच्या भाकितांमुळे. लुईस टर्मन यांनी १९२१ मध्ये हुशार मुलांचा एक मोठा गट अभ्यासायला घेतला होता. कित्येक दशकांनी फ्रीडमन आणि सहकाऱ्यांनी त्याच नोंदी तपासल्या, तेव्हा बालपणी कर्तव्यदक्ष म्हणून नोंदलेली मुलं पुढे सरासरीने जास्त जगली असं दिसलं. हे निष्कर्ष उलटेही येऊ शकले असते. म्हणून त्यांना वजन आहे.

पण हे प्रतिमान वर्णन करतं, कारण सांगत नाही. ‘तो कामं अर्धवट का सोडतो?’ कारण त्याची कर्तव्यदक्षता कमी आहे. ‘कमी आहे हे कशावरून?’ तो कामं अर्धवट सोडतो त्यावरून. असं वर्तुळ तुझ्या अहवालात फिरताना दिसलं तर मी ते लाल शाईने खोडेन. शिवाय हे पाच घटक सगळ्या मानवजातीचे आहेत, हेही गृहीत धरू नकोस. बोलिव्हियातल्या चिमाने या शेती आणि शिकारीवर जगणाऱ्या समाजात गर्व्हन आणि सहकाऱ्यांनी ते शोधले. २०१३ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांत ही पाच घटकांची रचना तिथे मिळाली नाही. ॲश्टन आणि ली यांनी वेगवेगळ्या भाषांतले शब्द तपासून प्रामाणिकपणा आणि नम्रता यांचा सहावा घटक पुढे आणला. म्हणजे पाच हा आकडा काही दगडावरची रेघ नाही.

वागणं स्वभावाने ठरतं की परिस्थितीने, हा मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेलचा वाद तू एका वाक्यात उरकला आहेस. तो नीट वाच, कारण या विषयात एवढं उपयोगी भांडण दुसरं झालं नाही. १९६८ मध्ये त्याने दाखवलं, की चाचणीतले गुण आणि एखाद्या ठरावीक प्रसंगातलं वागणं यांतला सहसंबंध (दोन गोष्टी किती जोडीने बदलतात याचं माप; पूर्ण जोडी असेल तर १) ०.३० च्या आसपासच अडकतो. मग स्वभाव नावाचं काही आहे तरी का? एपस्टीनने उत्तर दिलं, की एकाच प्रसंगाने मोजू नका, अनेक दिवसांच्या वागण्याची सरासरी घ्या, सहसंबंध चढतो. फंडर आणि ओझर यांनी १९८३ मध्ये परिस्थितीचा प्रभाव दाखवणाऱ्या गाजलेल्या प्रयोगांचे आकडे त्याच मापात बसवले, तर तेही ०.४० च्या जवळपासच निघाले; म्हणजे परिस्थितीचं पारडंही फार जड नव्हतं. आणि मिशेल स्वतःही तिथेच थांबला नाही. शोडा आणि राइट यांच्याबरोबर त्याने उन्हाळी शिबिरातल्या मुलांचं बारकाईने निरीक्षण केलं. दोन मुलांचा आक्रमकपणा सरासरीने सारखा असायचा. पण मोठ्यांनी ताकीद दिली की एक भडकायचा, आणि बरोबरीचं कोणी जवळ आलं की दुसरा. हा ‘असं झालं, तर तसं’ स्वरूपाचा नमुना त्या त्या मुलात पुष्कळसा स्थिर होता. विचार कर, या दोघांचे गुण चाचणीत सारखे आले तर त्यांच्या शिक्षकाला तू काय सांगशील? माझ्या मते व्यक्तिमत्त्वाबद्दलचं खरं उपयोगी ज्ञान इथून सुरू होतं.

आता चाचण्या. ‘ही चाचणी चांगली आहे का?’ हा प्रश्न अर्धवट आहे. कोणत्या कामासाठी, कोणत्या लोकांवर, कोणता निर्णय घ्यायला, हे जोडल्याशिवाय त्याला उत्तर नाही. विश्वसनीयता (पुन्हा मोजलं तरी माप तेच येणं) आधी बघ, पण ती असली म्हणजे यथार्थता (जे मोजायचं तेच मोजलं जाणं) आली असं समजू नकोस. आणि विश्वसनीयतेचा आकडा नुसता पाठ करू नकोस, त्याचं पुढे काय होतं ते हाताने मांडून बघ. समज, टी-गुणांच्या मोजपट्टीवर (चाचण्यांचे गुण मांडायची एक ठरलेली पट्टी) सरासरी ५० आणि प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीच्या पसरणीचं माप, १० आहे, आणि चाचणीची विश्वसनीयता ०.८४ आहे. बऱ्यापैकी चांगली. तर मापनाची प्रमाण त्रुटी, म्हणजे मोजण्यातल्या चुकीचा साधारण आवाका, येते ४. म्हणजे ज्याला ६० मिळाले, त्याचे खरे गुण साधारण ५२ ते ६८ यांच्या मध्ये कुठेतरी आहेत, एवढंच तुला ९५ टक्के भरवशाने म्हणता येईल. ५२ म्हणजे जवळजवळ सरासरी, ६८ म्हणजे चांगलेच जास्त. एकाच माणसाच्या वर्णनात एवढं अंतर पडतं, आणि अहवालात मात्र ‘६०’ हा आकडा ठळक अक्षरांत मिरवतो.

म्हणूनच माणसांना प्रकारांच्या डब्यांत घालणाऱ्या चाचण्यांपासून मी दूर राहते. मानसोपचारतज्ज्ञ युंगच्या १९२१ च्या कल्पनांवर कॅथरीन ब्रिग्ज आणि इसाबेल मायर्स या मायलेकींनी बेतलेली सोळा प्रकारांची चाचणी तू स्वतः दिली आहेस, आणि ती ‘अगदी जुळली’ असं लिहिलं आहेस. (फोररचे विद्यार्थी आठव.) तिचे गुण दोन ढिगांत पडत नाहीत. बहुतेक लोक मधेच येतात. मध्यरेषेच्या अलीकडचा एक अंतर्मुख, पलीकडचा एक बहिर्मुख, आणि दोघांत फरक एका उत्तराचा. पुन्हा चाचणी घेतली की बऱ्याच जणांचा प्रकार बदलतो तो यामुळेच. नोकरभरतीत चाळणी म्हणून ती वापरू नये, असं तिचे प्रकाशकच सांगतात.

प्रक्षेपण चाचण्यांबाबत, म्हणजे माणसाने काढलेल्या चित्रावरून किंवा अस्पष्ट आकृतीत त्याला काय दिसतं त्यावरून त्याचं मन ओळखू पाहणाऱ्या चाचण्यांबाबत, तू म्हणतोस, की अनुभवी चिकित्सकांचा त्यांवर विश्वास आहे, मग त्यांत काहीतरी असणारच. चॅपमन दांपत्याचं १९६७ चं काम वाच. त्यांनी माणसांची चित्रं आणि ती काढणाऱ्यांची लक्षणं यांच्या जोड्या अशा लावल्या, की चित्र आणि लक्षण यांचा काही संबंधच राहणार नाही. तरीही नवख्या विद्यार्थ्यांना त्यांत तेच संबंध ‘दिसले’, जे चिकित्सक आपल्या अनुभवातून सांगत असत: संशयी माणूस डोळे ठळक काढतो, वगैरे. अनुभव अपेक्षेलाच पक्कं करत जातो, हे यातून कळतं. पण इथेही सरसकट नकार नको. रोरशाखच्या चाचणीत दहा शाईडागांत काय दिसतं ते विचारतात; तिचे सगळेच गुण सारखे नाहीत. विचारप्रक्रियेतला आणि आकलनातला बिघाड दाखवणारे गुण तपासणीत बऱ्यापैकी टिकले, तर इतर कित्येकांना पुरेसा आधार मिळाला नाही. काम कंटाळवाणं आहे, पण एकेक गुण वेगळा काढून बघावा लागतो.

आत्मनिवेदनाच्या, म्हणजे माणूस स्वतःबद्दल स्वतःच उत्तरं देतो अशा शोधिकांची अडचण वेगळी. माणूस स्वतःला चांगलं दाखवतो, कधी मुद्दाम वाईट दाखवतो, कधी वाचतच नाही. हॅथवे आणि मॅकिनले यांची १९४३ ची मिनेसोटा शोधिका मला आजही शिकवायला आवडते, कारण तिने हा प्रश्न टाळला नाही. कोणीही प्रामाणिकपणे नाकारू शकणार नाही असे बारीकसारीक दोष जो सगळेच नाकारतो, त्याला पकडणारी वेगळी मोजपट्टी तिच्या आतच आहे. पण मूळ तुलनेसाठी घेतलेले ‘सामान्य’ लोक कोण होते? मुख्यतः मिनेसोटातल्या रुग्णालयात कोणाला तरी भेटायला आलेली माणसं. १९८९ मध्ये सुधारित ५६७ विधानांची आवृत्ती येईपर्यंत दूरदूरच्या लोकांची तुलना या गटाशी होत राहिली. तुझ्यासमोरचा माणूस मानकांच्या, म्हणजे तुलनेसाठी घेतलेल्या गटात बसतो का, हे म्हणूनच दर वेळी विचार.

आणि एकाच स्रोतावर विसंबू नकोस. सिमीन वझीर यांनी २०१० मध्ये दाखवलं, की चिंतेसारख्या आतल्या गोष्टी माणूस स्वतः बऱ्या सांगतो, पण बुद्धी, कल्पकता अशा प्रतिष्ठेच्या गुणांबाबत मित्रांचा अंदाज त्याच्या स्वतःच्या अंदाजापेक्षा सरस ठरतो. मुलाखत, शोधिका, जवळच्यांचं मत, प्रत्यक्ष निरीक्षण हे सगळं एकाच दिशेला जात असेल तर ठामपणे लिही. जात नसेल तर ती विसंगतीच अहवालात लिही. सगळं एकसारखं गुळगुळीत करून टाकू नकोस, ज्याची तपासणी होते त्या माणसाचा ती विसंगती नोंदली जाण्यावर हक्क आहे.

पुढच्या पत्रात मला सिद्धान्तांची तुलना नको. तुमच्या विभागात असलेली कोणतीही एक चाचणी घे आणि तिची निर्देशपुस्तिका पहिल्या पानापासून वाच. मानकांचा गट कोणता, किती वर्षांपूर्वीचा, विश्वसनीयता कोणत्या पद्धतीने काढली, यथार्थतेचा पुरावा कोणत्या निर्णयासाठी आहे, हे शोध. मग ही चाचणी तू कोणाला मुळीच देणार नाहीस, ते कारणांसह लिहून पाठव. त्यावर आपण सविस्तर बोलू.

तुझी,
बाई