"माझी भीती घोड्याला कळते, मग मी त्याला बिघडवतेय का?"

हौशी घोडेस्वारांकडून हा प्रश्न मला हमखास येतो. पुण्यातल्या चाळिशीच्या एका बाईंची हकीकत सांगते, म्हणजे उत्तर नीट कळेल. सांगतेय ती त्यांच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून.

2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई खेळांत भारतीय संघाने ड्रेसाजचं (घोड्याच्या शिस्तबद्ध, लयदार चालींच्या स्पर्धेचं) सुवर्ण जिंकलं आणि लहानपणी राहून गेलेली हौस त्यांच्या मनात पुन्हा जागी झाली. शिकता शिकता त्यांनी शर्यतीतून निवृत्त झालेला चार वर्षांचा थरोब्रेड (शर्यतीसाठी पैदास केलेल्या जातीचा घोडा) घेतला. पुढे एकदा तो बिचकला आणि त्या पडल्या. लागलं फारसं नाही, पण मांड कायमची ढिली झाली.

"तो जरा दचकला की मी लगाम ओढते. ओढला की तो अजूनच सुटतो. सर ओरडतात, रिलॅक्स! पण मॅडम, रिलॅक्स व्हायचं कसं ते कुणीच सांगत नाही."

त्यांची तक्रार रास्त होती. घाबरलेल्या माणसाला 'घाबरू नकोस' म्हणण्याइतकं निरुपयोगी दुसरं काही नसेल.

आधी घोड्याची बाजू बघू. रेसचा घोडा ताणलेल्या लगामावर भार टाकून पळायला शिकलेला असतो. जॉकीची रिकीब (पाय ठेवायची कडी) आखूड, त्यामुळे पाय वर असतात. पोटऱ्यांचा सततचा स्पर्श घोड्याला ओळखीचा नसतो. घाबरल्यावर या बाई नेमकं काय करत होत्या? लगाम आवळून धरायच्या आणि पायांची पकड घट्ट करायच्या. घोडा हट्टीपणा करत नव्हता. त्याला जे शिकवलं होतं, तेच तो इमानदारीने करत होता.

स्वीडनमधल्या संशोधकांनी 2009 साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मी त्यांना सांगितला. घोड्यावर बसलेल्यांना किंवा त्याला धरून चालवणाऱ्यांना सांगितलं गेलं की या फेरीत समोर छत्री उघडणार आहे. छत्री उघडलीच नाही, तरी माणसाचे ठोके वाढले आणि घोड्याचेही. हे ऐकून बाईंचा चेहरा पडला. पण पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो: घोड्यांच्या वागण्यात फरक दिसला नाही. वर बसलेल्यांचा मात्र लगाम आखूड धरण्याकडे कल दिसला.

म्हणून आम्ही भीती घालवायच्या मागे लागलोच नाही. हाताच्या मागे लागलो.

मैदानाच्या एका कोपऱ्याबाहेर चाऱ्यावर निळी ताडपत्री टाकलेली असायची. घोडा बिचकायचा तिथेच. मी त्यांना घोड्याची पावलं मोठ्याने मोजत जायला सांगितलं. लक्षात काय आलं, तर ताडपत्री यायच्या बरीच आधी त्यांचा आवाज बंद व्हायचा. श्वास तिथेच अडकलेला असायचा, करंगळ्या मुठीत वळायच्या आणि घोड्याचे कान त्यानंतर टवकारायचे. मोजणं चालू ठेवलं की श्वास सोडावाच लागतो, आणि श्वास सुटला की कंबर आपोआप सैल पडते. शिवाय त्यांच्या प्रशिक्षकांशी, म्हणजे सरांशी, बोलून घोड्याच्या मानेभोवती चामड्याचा पट्टा बांधून घेतला. घाबरलेल्या हाताला काहीतरी धरायचं असतंच, तर तो पट्टा धरू दे, घोड्याचं तोंड नको. बिचकलाच तर सरळ ओढायचं नाही, मोठ्या वर्तुळात वळवायचं.

दुसरी गोष्ट मी स्पष्टच बोलले. कोवळ्या घोड्याला नवी गोष्ट पहिल्यांदा अनुभवी स्वारानेच शिकवावी. यात कमीपणा कसला? तरी त्यांना तो वाटत होता. "मग माझा घोडा कसा म्हणायचा तो?" त्या म्हणाल्या. शेवटी वाटणी ठरली: कँटर (संथ दौड) सर करतील, लंजवरचं काम (लांब दोरीवर घोडा गोल फिरवणं), चाल (साधं चालणं) आणि ट्रॉट (दुडकी) बाईंकडे. घाईही नव्हती. घोड्याच्या पाठीच्या मणक्यांची वाढ पाच वर्षांनंतरही चालू असते, त्यामुळे चार वर्षांच्या घोड्याकडून कठीण काम मागूच नये. त्याचं आणि त्यांचं वेळापत्रक जुळलं, हे मला फार बरं वाटलं.

घोड्यावर बसायच्या आधीच त्या दिवसाचं काम ठरवायचं आणि ते झालं की उतरायचं, मग अंगात कितीही उत्साह असो. हे पाळणं त्यांना सगळ्यात जड गेलं.

तुमचीही अवस्था अशीच असेल तर एक तपासून बघा. भीती तबेल्यापुरती आहे, तोवर वर सांगितलेलं काम येईल. पडल्याचा प्रसंग झोपेत दिसत असेल, गाडी चालवतानाही छाती धडधडत असेल, तर आधी त्यावर उपचार घ्या. रिकिबीत पाय नंतर. आणि अनुभवी प्रशिक्षकालाच घोडा तुमच्यासाठी धोक्याचा वाटत असेल, तर शांत स्वभावाचा, वयाने मोठा घोडा घेण्यात काहीही चूक नाही.

या बाईंनी घोडा ठेवला. ताडपत्री अजून तिथेच आहे आणि पट्टाही. कँटर अजून सरच करतात. बाईंनी सध्या फक्त चाल आणि ट्रॉट असलेल्या प्राथमिक चाचणीची तयारी चालवली आहे.