किनाऱ्यावरून गळ टाकताय? आधी शिसं ठरवा

या वेळी नव्याने गळ टाकायला लागलेल्या वाचकांचेच प्रश्न जास्त आलेत, म्हणून अख्खा कॉलम त्यांना देतोय.

प्रश्न : किनाऱ्यावरून मासे गरवायला शिकायचंय. कोणी म्हणतं १४ फुटी रॉड घे, लांब पडतं, कोणी म्हणतं छोटाच बरा. पहिला सेट नेमका कुठला घेऊ?

उत्तर : रॉडपासून सुरुवातच करू नका, शिशापासून करा, म्हणजे लाइनला लावायच्या वजनापासून. तुम्ही जिथे उभे राहणार तिथे पाण्याला ओढ किती आहे आणि लाटा कशा आहेत यावर शिशाचं वजन ठरतं, आणि शिशाच्या वजनावर मग रॉड, लाइन, लीडर (लाइनच्या पुढचा जाड तुकडा) सगळं ठरत जातं. शांत पाण्यात ३०-४० ग्रॅमचं शिसं आरामात बसतं, लाटा जोरात असतील तर १०० ग्रॅमसुद्धा लागतं नाहीतर शिसं सरकत सरकत कडेला येतं. शिकायला ३० ते ६० ग्रॅम पुरे, म्हणजे शांत जागा आणि शांत दिवस बघूनच जायचं. त्यासाठी ९-१० फुटांचा मीडियम स्पिनिंग रॉड आणि ४००० किंवा ५००० साइजचं रील घ्या. रॉडवर हँडलच्या जरा वर ‘कास्ट वेट’ छापलेलं असतं, २०-६० ग्रॅम असं काहीतरी, ते वाचल्याशिवाय रॉड घेऊ नका, आणि हो, त्यात आमिषाचं वजनही धरायचं असतं, हे बरेच जण विसरतात.

१४ फुटी रॉड वाईट नाही पण तो जड शिशासाठी बनवलेला असतो, हलकं शिसं लावलं तर तो वाकतच नाही आणि रॉड वाकलाच नाही तर तो फेकणार कशाच्या जोरावर?

आणि लांब फेकायचा एवढा ध्यास कशाला? पाण्यात उतरण्याआधी दहा मिनिटं नुसतं उभं राहून बघा. लाट एका जागी फुटते, पांढरी होते, मग मध्ये एक गडद, शांत पट्टा दिसतो आणि कडेला येऊन लाट पुन्हा फुटते. तो गडद पट्टा म्हणजे खोलगट चर. लाटांनी उकरलेले किडे, खेकडे, शिंपल्यातले जीव तिथे जमतात आणि त्यांच्यामागे मासे येतात. हा चर कित्येकदा २०-३० मीटरवरच असतो, आणि नवीन माणूस सगळा जोर लावून नेमका त्याच्या पलीकडे शिसं टाकतो. भरती चढत असताना हा पट्टा सगळ्यात चांगला चालतो.

प्रश्न : जोरात फेकलं की ‘फट’ आवाज येतो आणि लाइन तुटून शिसं भलतीकडेच उडतं. लाइन ०.३० मिमीची आहे, शिसं ९० ग्रॅमचं. लाइन खराब आहे का?

उत्तर : लाइन चांगली असेल, पण एवढ्या वजनाला ती एकटी पुरणार नाही. आणि हे ताबडतोब थांबवा, कारण ९० ग्रॅमचं सुटलेलं शिसं कोणाच्या डोक्याला लागलं तर जीव जाऊ शकतो. फेकताना क्षणभर जो झटका बसतो तो शिशाच्या वजनाच्या कितीतरी पट असतो, तो झेलायला पुढे जाड लाइनचा तुकडा बांधतात, त्याला शॉक लीडर म्हणतात. सोपा हिशोब असा, की दर २८ ग्रॅम शिशामागे लीडरची ताकद १० पाउंड. म्हणजे तुमच्या ९० ग्रॅमला ३२ पाउंड, तुम्ही ३५-४० पाउंडाचाच बांधा. लांबी एवढी हवी की फेकायच्या पोझिशनमध्ये शिसं लटकत असताना रीलवर लीडरचे पाच-सहा वेढे राहिले पाहिजेत, आखूड लीडरचा काही उपयोग नाही कारण मग झटका पुन्हा पातळ लाइनवरच येतो.

जोडायला डबल युनी गाठ शिका. कुठलीही गाठ आवळण्याआधी ओली करायची, थुंकी लावली तरी चालते, आणि मग हळूहळू, एका दमात ओढायची. कोरडी गाठ खसकन ओढली की नायलॉन घासून गरम होतं आणि तिथेच कमजोर पडतं. आवळल्यावर वेढे एकाला एक चिकटून बसलेले दिसले पाहिजेत, एक जरी वेढा दुसऱ्यावर चढलेला दिसला तर कापा आणि परत बांधा, कंटाळा नको.

आणि फेकण्याआधी मागे वळून बघायचं, प्रत्येक वेळी. वर विजेच्या तारा आहेत का तेही, कारण कार्बनच्या रॉडमधून वीज जाते.

प्रश्न : मी १६ वर्षांचा आहे. रिगचे इतके प्रकार दिसतात की डोकं चक्रावतं. कुठली शिकू? आणि माझा गळ नेहमी मेन लाइनलाच गुंडाळलेला येतो.

उत्तर : रिग म्हणजे लाइनच्या टोकाला शिसं आणि गळ बांधायची पद्धत. तू दोनच शिक. पहिली पॅटरनॉस्टर. यात शिसं सगळ्यात खाली आणि त्याच्या वर बाजूला निघालेल्या एक-दोन छोट्या फांद्या, प्रत्येक १५-२० सेंटिमीटरची, टोकाला गळ. दोन फांद्यांमध्ये एवढं अंतर ठेव की एका फांदीचा गळ दुसरीपर्यंत पोचणारच नाही. फेकल्यावर शिसं पुढे धावतं आणि बाकी सगळं त्याच्यामागे सरळ जातं, म्हणून गुंता कमी.

दुसरी रनिंग रिग. लाइनमध्ये आधी भोकाचं शिसं ओवायचं, मग एक मणी, मग स्विव्हल (गोल फिरणारी छोटी कडी) बांधायचं आणि स्विव्हलच्या दुसऱ्या टोकाला साधारण दीड-दोन फूट लाइन आणि गळ. मणी शोभेचा नाहीये, तो नसेल तर शिसं गाठीवर आपटून आपटून गाठ खातं. माशाने आमिष उचललं की लाइन शिशातून सरकते, त्याला वजन जाणवत नाही, त्यामुळे बुजणाऱ्या माशांना ही रिग भारी. पण हिच्यातच गळ मागे फडफडतो आणि लाइनला गुंडाळतो, तुझं बहुधा हेच होतंय. शेवटचा तुकडा एक फुटावर आण, आमिष छोटं लाव आणि झटका न देता रॉड एकसारखा वेग वाढवत फिरव. शिसं पाण्यात पडायच्या अगदी आधी स्पूलवर (रीलच्या ज्या चकरीवर लाइन गुंडाळलेली असते तिच्यावर) बोट टेकवून लाइन हलकेच अडवलीस की गळ पुढे जाऊन सरळ पडतो.

प्रश्न : मासा टकटक करतो, मी जोरात खेचतो, गळ रिकामा येतो.

उत्तर : बहुतेक गळ मोठा आहे. नंबर उलटे चालतात हे लक्षात ठेवा, ४ नंबरचा गळ १ नंबरपेक्षा लहान, आणि १/० पासून पुढे परत मोठे होत जातात. ४ किंवा २ नंबर लावून बघा आणि गळाचं टोक आमिषातून बाहेर उघडं ठेवा. सर्कल हुक (टोक आत वळलेला गोलसर गळ) वापरत असाल तर खेचायचंच नाही, रॉड वाकू द्या आणि नुसतं रील फिरवत राहा, तो आपोआप तोंडाच्या कोपऱ्यात बसतो, सोडायचा मासाही मग फार जखमी न होता सोडता येतो. मला नवीन लोकांसाठी हाच सगळ्यात आवडतो.

प्रश्न : खडकात शिसं अडकतं आणि अख्खी रिग जाते. उपाय?

उत्तर : शिसं बाकी रिगपेक्षा कमजोर लाइनच्या छोट्या तुकड्यावर बांधा, अडकलं तर फक्त शिसं जाईल, गळ आणि मासा वाचेल. पण असं बांधलं असेल तर जोरात फेकायचं नाही, तो कमजोर तुकडा हवेतच तुटू शकतो, हळू लॉब करून, म्हणजे अलगद झुलवून, जवळच टाका. अडकलेलं काढताना रॉड वाकवून ओढू नका. रॉड लाइनच्या सरळ रेषेत धरा, तोंड बाजूला फिरवा आणि मागे चालत जा, कारण सुटलेलं शिसं थेट तुमच्याकडे येतं. लाइन उघड्या हाताला गुंडाळून तर कधीच नाही, ब्रेडेड (धागे विणून केलेली) असेल तर बोट कापतं.

प्रश्न : नायलॉन की ब्रेडेड?

उत्तर : पहिलं वर्ष नायलॉन, ०.३५ मिमी. ती ताणते, चुका पोटात घालते. स्पूल काठाच्या २ मिमी खालपर्यंत भरा.

प्रश्न : खाऱ्या पाण्यानंतर रील कसं धुवायचं?

उत्तर : आधी ड्रॅग (लाइन किती सहज सुटेल ते ठरवणारा रीलचा ब्रेक) पूर्ण आवळा म्हणजे पाणी आत जात नाही, मग गोड्या पाण्याची हलकी धार, जोराचा फवारा नको, त्याने मीठ उलट आत ढकललं जातं. पुसून सावलीत वाळवा आणि वाळल्यावर ड्रॅग सैल करून ठेवा, नाहीतर आतले वॉशर दबलेलेच राहतात.