रेल्समधे (रूबी भाषेतलं वेबसाइट बनवायचं फ्रेमवर्क) युआरएलमधल्या 'प्रॉडक्ट्स'ऐवजी 'वस्तू' हवंय, कंट्रोलरचं (विनंती हाताळणाऱ्या कोडचं) नाव पण बदलावं लागेल का?

नाही, कंट्रोलरला हात लावू नका, राउट्स फाइलमधे (कुठला पत्ता कुठल्या कंट्रोलरकडे जातो ते ठरवणारी) रिसोर्सेसची जी ओळ आहे तिथेच पाथ हा ऑप्शन देऊन 'वस्तू' टाका (रोमन अक्षरांत), झालं. पाथने फक्त बाहेर दिसणारा पत्ता बदलतो, कंट्रोलर आणि लिंकचे हेल्पर (पत्ता तयार करून देणारी फंक्शन्स) आहेत तसेच राहतात त्यामुळे व्ह्यूमधल्या (पानांच्या टेम्प्लेटमधल्या) लिंक्स आपोआप नव्या पत्त्यावर जातात, हाताने युआरएल लिहिल्या असतील तर मात्र बसा शोधत. रेल्स राउट्स कमांड मारून बघा, डावीकडे हेल्पर जुनाच आणि पुढे युआरएल नवी दिसेल. शेवटचे न्यू, एडिट हे शब्द बदलायचे तर पाथ नेम्स हा वेगळा ऑप्शन आहे. फक्त एक, जुना पत्ता लगेच 404 (पान सापडलं नाही) द्यायला लागतो, त्यासाठी त्याच फाइलमधे रिडायरेक्ट लिहा, तो बाय डिफॉल्ट 301 (पत्ता कायमचा बदलला) च असतो.